उन्हाकडे पाठ

दसऱ्याच्या सुमारास वाशीमच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी उरकते, सुड्या लागतात, आणि मळणी यंत्र घरघरू लागलं की वरच्या तारेवर नीलपंख येऊन बसतो. भुसकटातून उठणाऱ्या किड्यांसाठी. पुस्तकात तो चाष किंवा तास. इथे बोलताना सरसकट नीलकंठ, आणि दसऱ्याला दिसला तर शुभ. बसलेला पाहिलात तर म्हणाल, यात काय एवढं? तपकिरी, मान आखडलेला, जरासा आळशीच. झेपावला की मात्र पंखांत गडद-फिक्या निळ्याचे पट्टे उघडतात. नीट बघेपर्यंत स्वारी परत तारेवर.

ते पट्टे टिपायला एकबुर्जी तलावाजवळच्या एका धुऱ्यावर मी तीन सकाळी घालवल्या. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर. पीसन् पीस सुटं आलं. निळा तेवढा आला नाही. पंख मळकट, तपकिरी. कॅमेऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या. (त्याचे हप्ते अजून फिटायचे होते.)

सुडीपाशी बसलेले काका केव्हाचे बघत होते. "उन्हाकडं तोंड करून कायले उभे रायले भाऊ? इकून या ना."

तिकडून पहिल्याच झेपेला निळा आला.

तारेखाली एक पीस पडलं होतं. ऊन पाठीशी घेऊन पाहिलं तर निळं, उन्हासमोर धरलं तर तपकिरी. कितीदा फिरवलं तरी तेच. निळं रंगद्रव्य त्यात नसतंच. दांडीतून फुटणाऱ्या तंतूंत हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांवरून उजेडातला निळा तेवढा परततो आणि उरलेला खालचं काळसर मेलॅनिन गिळतं. सी. व्ही. रामन यांनी नोबेलनंतर चार वर्षांनी, १९३४ साली, याच पक्ष्याच्या पिसांवर शोधनिबंध लिहिला. समुद्राच्या निळाईमागे लागलेला माणूस नीलपंखाला कसा सोडेल!

ते तपकिरी फोटो मी पुसले नाहीत. उजेड आरपार आल्यामुळे त्यांत पिसांच्या दांड्या दिसतात. पंखाच्या टोकाकडची दहा मोठी पिसं, बोटं फाकावीत तशी, एकेक मोजता येतात. निळ्या फोटोंत तेवढं दिसत नाही.

पीस मी धुऱ्यावरच ठेवलं. मोरपिसाची गोष्ट वेगळी. बाकी रानपाखरांची पिसं घरी नेऊन ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. काकांना वाटलं, मला ते आवडलं नाही.