आबांचा हब

डोंबिवली (पूर्व)

प्रिय ओंकार,



तू मागवलेला गिअरचा हब परत पाठवावा लागला, हे तुझ्या आईकडून कळलं. फोटो एका हबचा, खोक्यातून निघाला दुसराच, आणि त्याच्यासोबत ना शिफ्टर, ना वायसर. फोनवर तू म्हणालास, "आत्या, ठाण्यात मी सात दुकानं फिरलो. चाकाच्या आतला गिअर म्हटलं की सगळे माझ्याकडेच बघत बसतात." त्या दिवशी मी नुसती हं हं करत राहिले. पण गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र. आणि ते उघडं लिहितेय, कारण हल्ली कल्याण-डोंबिवलीतही जाड टायरच्या क्रूझर सायकली घेतलेली मुलं दिसतात, आणि पत्रीपुलाचा चढ आला की ती उतरून सायकल ढकलताना दिसतात. त्यांनाही हे उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी, तुझ्या क्रूझरला हबमधला गिअर बसवायची तुझी निवड बरोबर आहे. क्रूझर ही मुळात एकाच गिअरची, आरामात बसून सपाट रस्त्यावर चालवायची सायकल. अमेरिकेत श्विन कंपनीने १९३३ साली फुगीर टायरची सायकल आणली, तिथून ही घडण सुरू झाली. आपल्याकडे तिच्यावर बाहेरचा गिअर, म्हणजे डिरेलर, चढवला, तर पहिल्याच पावसाळ्यात चिखल, रेती आणि गंज त्याचा जीव घेतात. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाची धूळ तू रोज खातोस, तीच त्या चेनवर बसते. शिवाय डिरेलर पायडल फिरत असतानाच बदलावा लागतो. माजिवड्याच्या सिग्नलला तू वरच्या गिअरमध्ये अडकलास, मागून बस हॉर्न देतेय, अशा वेळी त्याचा काय उपयोग? हबमधला गिअर उभ्या उभ्या बदलता येतो. सगळं यंत्र पोलादी डब्यात बंद. चेन एकाच रेषेत चालते, त्यामुळे चेनकव्हर लावता येतं आणि पँट काळी होत नाही. क्रूझरच्या मागच्या खाचा बहुधा आडव्या असतात, त्यामुळे चाक मागे ओढून चेन ताठ करता येते. म्हणजे तुझी चौकट जणू या हबची वाट बघतच बनलेली आहे.

आता आबांकडे, तुझ्या आजोबांकडे येते.

आबा कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर होते, हे तुला माहीत आहे. त्यांची हिरवी रॅले तू लहानपणी वालधुनीच्या घरी पाहिलीस. तिच्या मागच्या चाकात गिअर होता, हे तुला कुणी सांगितलं नसेल. ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरकडून आबांनी ती १९६४ साली घेतली. त्या हबवर स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू आणि ५८ असं कोरलेलं आहे. ते ५८ म्हणजे १९५८ साल. त्या काळच्या हबवर वर्षाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असत, त्यामुळे भंगारात असा हब सापडला तर त्याचं वय लगेच कळतं. एडब्ल्यू हा नमुना इंग्लंडात नॉटिंगहॅमला १९३६ साली निघाला. कंपनीची सुरुवात १९०२ ची, रॅलेचे मालक फ्रँक बाउडन यांनी केलेली. तीन गिअरच्या कल्पनेत विल्यम रायली नावाच्या माणसाचा मोठा वाटा होता, पण हबवर नाव राहिलं स्टर्मी आणि आर्चर यांचं. मला ही गोष्ट कायम लागते. २००० साली कंपनी बुडाली आणि तैवानच्या सनरेसने ती घेतली. आज नवा स्टर्मी-आर्चर हब मिळतो, तो तिथला.

आत काय आहे ते आबांनी मला नववीत असताना दाखवलं. मधला सूर्य २० दात्यांचा, एक्सलला पक्का, जागचा न हलणारा. त्याच्याभोवती फिरणारे पिनियन, तेही २० दात्यांचे, एका पिंजऱ्यात बसवलेले. बाहेरचं कडं ६० दात्यांचं, दाते आतल्या बाजूला. चेनचा जोर पिंजऱ्याला दिला की कडं त्याच्या पुढे धावतं: पिंजऱ्याच्या ३ फेऱ्यांत कड्याच्या ४. तो तिसरा गिअर. उलट जोर कड्याला दिला आणि चाक पिंजऱ्याला जोडलं, की कड्याच्या ४ फेऱ्यांत चाकाच्या ३. तो पहिला, चढाचा. दुसऱ्यात सरळ एकास एक. बस्स, एवढंच. आबा म्हणायचे, हे ज्याला कळलं त्याला हब उघडायची भीती वाटू नये.

ते खरं ठरलं २००५ साली. २६ जुलैच्या पावसात उल्हास आणि वालधुनीचं पाणी घरात शिरलं. सायकल बोळात भिंतीला टेकून होती. दोन दिवसांनी पाणी ओसरलं तेव्हा तिच्यावर गाळाचा थर होता आणि मागचं चाक फिरत नव्हतं. गाद्या, भांडी, माझी गाण्याची वह्या-पुस्तकं, सगळं अंगणात वाळत पडलेलं. आबांनी मात्र चौथ्या दिवशी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि हब उघडायला घेतला. तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. हात थरथरायचा, म्हणून मला समोर बसवलं.

एकेक भाग निघत होता, तसा मी तो डावीकडून उजवीकडे ओळीत मांडत होते. कोन, छर्रे, क्लच, कडं, पिंजरा. "ज्या क्रमाने निघालं, त्याच्या उलट क्रमाने जाईल. क्रम मोडू नकोस," एवढंच ते अधूनमधून म्हणत. प्रत्येक भाग रॉकेलमध्ये घासला. आत तपकिरी चिखल होता, पण पोलाद जसंच्या तसं. पिनियनचे दाते नव्यासारखे. गेली होती फक्त एक गोष्ट: कुत्र्याची स्प्रिंग. कुत्रा म्हणजे पॉल, दात्यात अडकणारा तो छोटा खटका. शेडमधली माणसं त्याला कुत्राच म्हणायची. त्याच्या मागे केसासारखी बारीक तारेची स्प्रिंग असते. ती गंजून दोन तुकडे झाली होती.

कल्याणात ती मिळेना. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मोहता मार्केटमध्ये सायकलचं घाऊक सामान मिळतं, तिथेही मी जाऊन आले, नाही मिळाली. मग आबांनी माझ्या तानपुऱ्याकडे बघितलं. माझ्याकडे पोलादी तारेचं एक भेंडोळं शिल्लक होतं. जाडी बोटांत चाचपून ते म्हणाले, चालेल. खिळ्याभोवती वळवून त्यांनी स्प्रिंग केली. पहिली मोडली, दुसरी सैल झाली, तिसरी बसली. ती स्प्रिंग आबांच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालली. आजही आत तीच आहे.

हे सगळं तुला सांगायचं कारण असं की तू दुकानात अख्खा हब शोधतोयस. अख्खा हब मिळणं अवघड, आणि मिळाला तरी तो तुझ्या चौकटीत बसेलच असं नाही. तू परवा पट्टीने मोजून सांगितलंस, मागच्या दोन खाचांमधलं आतलं अंतर ११७ मिलीमीटर. तू मागवलास त्या शिमानोच्या आठ गिअरच्या नेक्सस हबला १३२ लागतं. म्हणजे तो बरोबर आला असता तरी बसला नसता. काही जण चौकट ताणून बसवतात. पंधरा मिलीमीटर ताणू नकोस, आणि चौकट अॅल्युमिनियमची असेल तर एक मिलीमीटरसुद्धा नको. तडा जातो, आणि तो रंगाखाली दिसत नाही. नेक्ससचा तीन गिअरचा हब १२० च्या आसपासचा असतो, तो एक वेळ जमेल. पण जुना एडब्ल्यू तर याच अंतरासाठी बनलेला आहे. आबांचा हब तुझ्या सायकलीत बसतो.

अडचण एकच. तुझ्या रिमला भोकं ३६ आहेत. आबांच्या हबला ४० आहेत, कारण इंग्लिश सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असायचे, आणि आपल्या काळ्या दूधवाल्या सायकलींनीही तीच रीत उचलली. पण एडब्ल्यूची बॉडी ३६ भोकांचीही निघत असे, आणि एका बॉडीतलं यंत्र काढून दुसऱ्या बॉडीत बसवता येतं. म्हणजे तुला शोधायची आहे ती फक्त रिकामी बॉडी. आतलं यंत्र मेलेलं असलं तरी चालेल, बॉडी चिरलेली नसली आणि छर्‍यांची वाटी खरवडलेली नसली की झालं. असा मेलेला हब मिळणं सोपं आहे. भंगारवाल्याकडे विचार. चोरबाजारात जा, पण तिथे घाई करू नकोस, हब हातात घेऊन फिरवून बघ. इंग्लंडात असे हब अजून घरोघरच्या गॅरेजमध्ये पडून असतात. मीनलताई दिवाळीत तिकडून येतेय, तिला आजच कळव. पुण्याला गेलास तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय बघ. तिथे विकत काही घ्यायला जायचं नाही, पण जुन्या इंग्लिश सायकलींवर तार कशी नेलेली असते, क्लिप कुठे असते, हे डोळ्यांनी पाहून येशील.

आणखी एक माप. एडब्ल्यूचा एक्सल दोन लांबींत यायचा: पावणेसहा इंच आणि सव्वासहा इंच. आबांचा पावणेसहाचा आहे. तुला कॅरिअर, मडगार्ड आणि स्टँड तिन्ही त्याच नटखाली घ्यायचं असेल तर तो तोकडा पडेल. म्हणून मेलेला हब निवडताना सव्वासहाचा एक्सल असलेला मिळाला तर तोच घे. दोन कामं एकात होतील.

मागच्या दातेरी चकतीचं सोपं आहे. एडब्ल्यूची चकती तीन कानांची असते, शिमानोच्या नेक्सस हबलाही तशीच लागते, म्हणून नवी चकती आबांच्या हबवर चढते. तू २२ दात्यांची घे. का ते सांगते. आत्ता तुझ्या पुढे ४४ आणि मागे १८ दाते आहेत. पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण ५ मीटर जाते. मागे २२ लावलेस तर दुसऱ्या गिअरमध्ये सव्वाचार मीटरच्या जरा खाली, तिसऱ्यात साडेपाच, आणि पहिल्यात तीनच्या किंचित वर. म्हणजे आत्ता जे सपाटीवर जमतंय ते तिसऱ्यात मिळेलच, आणि येऊरच्या चढासाठी खाली दोन पायऱ्या मिळतील. चेन थोडी लांब लागेल. बरेच जण मागे १८ च ठेवतात, मग तिसरा गिअर जन्मभर वापरला जात नाही. जड क्रूझरला ते चुकीचंच आहे.

शिफ्टरबद्दल मात्र कडक राहा. ज्या कंपनीचा हब, त्याच हबचा शिफ्टर. नेक्सस घेतलास तर शिफ्टर, तारेचा जोड आणि न फिरू देणारे वायसर, हे तिन्ही सोबत असल्याशिवाय पैसे देऊ नकोस. ते वायसर खाचेच्या प्रकाराप्रमाणे वेगवेगळ्या रंगांचे असतात. एडब्ल्यूला लागतो तीन गिअरचा साधा ट्रिगर आणि हबमधून बाहेर येणारी बारीक साखळी. ही साखळी आत पूर्ण आवळायची आणि मग अर्धा फेरा मागे घ्यायची. गिअर दुसऱ्यावर ठेवून उजव्या नटच्या भोकातून बघायचं: साखळीच्या दांडीचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबर आला पाहिजे. तार सैल राहिली तर जुन्या एडब्ल्यूत दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये पायडल एकदम मोकळं फिरतं. उभं राहून जोर लावत असशील तर तोंडावर पडशील. म्हणून दर महिन्याला हे तपासायचं. तेव्हाच बॉडीवरच्या झाकणातून पातळ मशीन ऑइलचे चार-पाच थेंब सोडायचे. खोबरेल कधीही घालू नकोस, ते आत थिजतं आणि कुत्रे चिकटतात.

चाक बांधायला कल्याणला जा. शिवाजी चौकापलीकडे एक सायकलवाले काका आहेत, आबांचं चाक त्यांनीच बांधलं होतं. आता नजर अधू झाली, पण मुलगा शेजारी बसतो आणि ते बोटाने तार वाजवून ताण सांगतात. स्पोक आधी घेऊ नकोस. या हबची स्पोकची कड साध्या हबपेक्षा मोठी असते, लांबी वेगळी लागते, ती ते मोजून सांगतील. हा माणूस असेपर्यंत हे काम व्हावं, असं मला फार वाटतं.

आबांची सायकल आम्ही विकली, चौकट सडली होती. हब मी काढून ठेवला. माझ्या कपाटात, तानपुऱ्याच्या गवसणीशेजारी, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला आहे. बॉडी मिळेपर्यंत थांबू नकोस, या रविवारीच ये. वर्तमानपत्र मी पसरून ठेवते. तू उघड, मी ओळीत मांडते. फक्त ती तारेची स्प्रिंग बदलू नकोस, ती चांगली आहे.

तुझी,
आत्या