किनाबतांगनच्या तीरीं

बोर्निओ बेटावरील मलेशियाच्या साबा राज्यांत किनाबतांगन ही ५६० किलोमीटर लांबीची नदी वाहते. तिच्या कांठीं सुकाऊ गांवाजवळील लांकडी अतिथिगृहांत आम्ही तीन दिवस राहिलों. सायंकाळीं वाटाड्या नावेंतून हिंडवी. लांब नाकाच्या वानरांचे कळप निजावयास तीरावरील वृक्षांवर येत. धनेश पक्षी दिसत, क्वचित् हत्तीही. ही विपुलता पाहून सर्वांस हर्ष झाला. वाटाड्या मात्र म्हणाला, "मागें रान उरलें नाहीं, म्हणून सारीं येथें दाटलीं आहेत." पामतेलाच्या झाडांच्या मळ्यांनीं अरण्य गिळून कांठची चिंचोळी पट्टी तेवढी शेष ठेविली आहे, तींतील सुमारें २६,००० हेक्टरांचे तुटक तुकडे २००५ सालीं अभयारण्य ठरले. तें तेल आपल्या तळणांत व साबणांतही असतें, हें सुज्ञ वाचकांनीं ध्यानीं घ्यावें.