काटा आधी हलला होता का?

बारावीच्या प्रॅक्टिकलला मीटर ब्रिज मांडला की थोड्या वेळाने एक आरोळी ठरलेली असते : “मॅडम, नल पॉइंट आला!” गॅल्व्हानोमीटरचा काटा मधल्या शून्यावर स्वस्थ, जॉकी तारेवर टेकलेली आणि जोडीदार पेन्सिल घेऊन ऑब्झर्व्हेशन टेबलवर ओणवा. मी जवळ जाऊन एवढंच विचारते, “काटा आधी हलला होता का?” बहुतेक वेळा दोघं एकमेकांकडे बघतात.

मीटर ब्रिज दिसायला साधा. लाकडी पाटावर मीटरपट्टीला लागून ताणलेली मँगेनिनची किंवा कॉन्स्टंटनची एक मीटर तार, कडेने तांब्याच्या जाड पट्ट्या, त्या पट्ट्यांमध्ये दोन गॅप. एका गॅपमध्ये ज्याचा रोध काढायचा ती वस्तू, दुसऱ्यात रेझिस्टन्स बॉक्स. जॉकी तारेवर टेकवत टेकवत जायचं आणि जिथे काटा हलत नाही ती जागा वाचायची. जॉकी घासत न्यायची नाही. तार झिजते, सगळीकडे सारखी जाड राहत नाही, मग लांबीच्या प्रमाणात रोध धरण्याला काही आधारच उरत नाही. नल पॉइंटच्या दोन बाजूंच्या लांब्यांचं जे गुणोत्तर, तेच त्या दोन रोधांचं. ही जोडणी सॅम्युअल ख्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडली. दहा वर्षांनी चार्ल्स व्हीट्स्टन यांनी ती सगळ्यांपुढे आणली, श्रेय ख्रिस्टींना दिलं, तरी नाव चिकटलं ते व्हीट्स्टन यांचंच.

या पद्धतीची मला वाटणारी गंमत अशी की यात गॅल्व्हानोमीटर चांगला असण्याची गरजच नाही. आमच्या कपाटातले अर्धे गॅल्व्हानोमीटर निवृत्तीच्या वयाचे आहेत. कुणाचं चुंबक अशक्त, कुणाच्या खुणा पुसट. पण इथे त्यांना ‘किती?’ असं विचारायचंच नाही. ‘आहे की नाही?’ एवढंच. सेल जरा उतरला तरी बिघडत नाही, कारण त्याचा परिणाम ब्रिजच्या दोन्ही बाजूंवर सारखाच होतो. अचूक मोजणारं यंत्र हाताशी नसताना अचूक मोजण्याची ही युक्ती आहे.

पण काटा दोन कारणांनी स्वस्थ बसतो. एक, दोन्ही बाजू खरोखर तुल्यबळ आहेत म्हणून. दुसरं, वायर आतून तुटली आहे म्हणून. वर्ग गप्प असतो तेव्हा मुलांना कळलेलं असतं की झोप लागलेली असते, हे नुसतं बघून सांगता येत नाही, तसंच हे. जोडणीच्या तारांवरचं इनॅमल टोकाला नीट खरवडलेलं नसतं, पितळी स्क्रूवर हिरवट गंज असतो, प्लग-की नुसतीच ठेवलेली असते, दाबलेली नसते. आमचे प्रयोगशाळेतले मामा म्हणूनच मुलांच्या हातात आधी पॉलिश पेपर देतात आणि मग तारा.

म्हणून नल पॉइंट शोधण्याआधी जॉकी तारेच्या डाव्या टोकाशी टेकवायची, मग उजव्या. काटा एकदा इकडे आणि एकदा तिकडे गेला पाहिजे. दोन्ही वेळा एकाच बाजूला गेला तर एखाद्या गॅपमधली जोडणी सुटली आहे, नाहीतर बॉक्समध्ये भलताच रोध काढला गेला आहे. हललाच नाही तर सेलच्या नाहीतर गॅल्व्हानोमीटरच्या वाटेत कुठेतरी खंड आहे. काट्याच्या वागण्यावरून बिघाड कुठल्या वायरीत आहे हे सांगता येणं मला सूत्र पाठ असण्यापेक्षा मोलाचं वाटतं. मार्क मात्र सूत्राला असतात.

आणि नल पॉइंट मधल्या भागात आणा, हेही मी पुन्हा पुन्हा सांगते. पन्नास सेंटिमीटरपाशी वाचताना एक मिलिमीटर चुकला तर रोधात ०.४ टक्के फरक पडतो. पाच सेंटिमीटरपाशी तीच चूक दोन टक्क्यांवर जाते.

शून्य कसं कमवावं हे मला शिकवलं ते हेन्री कॅव्हेंडिश या माणसाने. पाठ्यपुस्तकात विद्युतभारांमधल्या बलाचा नियम कूलॉम यांच्या नावावर आहे, आणि १७८५ मधला त्यांचा पिळाचा तराजू देखणाच होता. पण त्या निबंधात प्रतिकर्षणाची रीडिंग तीनच आहेत. आमच्याकडे आलेल्या एक्स्टर्नलनी आणखी दोन घ्यायला लावली असती! कॅव्हेंडिश यांनी त्याआधी बारा-तेरा वर्षं वेगळाच घाट घातला होता. फूटभर व्यासाचा एक गोल, त्याभोवती पुठ्ठ्याचे, कथलाचा पत्रा चढवलेले दोन अर्धगोल. आतला आणि बाहेरचा तारेने जोडायचा, बाहेरच्याला विद्युतभार द्यायचा, रेशमी दोऱ्याने तार ओढून काढायची, अर्धगोल उघडायचे आणि आतल्या गोलावर भार उरला आहे का ते भेंडाच्या हलक्या गोळ्यांनी बघायचं. बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असेल, तरच आत काही उरणार नाही. गोळ्या एकमेकींपासून दूर झाल्या नाहीत.

इथे बहुतेकांनी वही मिटली असती. त्यांनी आतल्या गोलाला मुद्दाम थोडासा, मापून भार दिला आणि किती कमी भाराला गोळ्या फाकतात ते तपासलं. एकूण भाराच्या साठाव्या भागाइतका भार असता तरी तो दिसला असता. म्हणजे अंतराचा घात दोनपेक्षा एक पन्नासांशाहून जास्त चुकीचा असणं शक्य नाही. त्यांचं शून्य असं आकड्यात बांधलेलं होतं. हे सगळं कागदांत पडून राहिलं. मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये ते छापलं आणि केंब्रिजमध्ये तोच प्रयोग पुन्हा करून चूक २१,६०० भागांत एकावर आणली. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या तिघांनी ती सोळाव्या दशांश स्थळापर्यंत नेली. घाट तोच, फक्त भेंडाच्या गोळ्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक्स.

शून्याभोवती पहारा किती ठेवावा लागतो याचं आपल्याकडचं उदाहरण अलिबागचं. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू होती. मुंबईत विजेची ट्राम येणार म्हटल्यावर वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांना दिसलं की रुळांमधून वाहणारा प्रवाह चुंबकसूचीला शांत बसू देणार नाही. ट्राम धावली १९०७ मध्ये. अलिबागची चुंबकीय वेधशाळा त्याआधी, १९०४ पासूनच कामाला लागली होती. कोकणातल्या काळ्या दगडात लोहखनिज असतं, म्हणून बांधकामाला पोरबंदरचा वालुकाश्म आणला. मला जास्त आवडतो तो पुढचा भाग : १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडच्या नोंदी समांतर चालू ठेवल्या. नवी सूची जुनीशी ताडून पाहिल्याशिवाय जुनी बंद केली नाही. आमच्याकडे टँजंट गॅल्व्हानोमीटरच्या शेजारी मुलं मोबाइल ठेवतात, तेव्हा मी त्यांना अलिबाग सांगते.

गेल्या वर्षी प्रॅक्टिकल चालू असताना एक वायरमन सॉकेट बदलायला आला. मेन स्विच पाडलेला होता. त्याने आधी व्हरांड्यातल्या वेगळ्या लाइनवरच्या चालू सॉकेटमध्ये टेस्टर घातला. दिवा लागला. मग आमच्या सॉकेटमध्ये, लागला नाही. मग परत व्हरांड्यात गेला आणि पुन्हा तिथे लागतो का ते बघून मगच स्क्रू सोडवायला बसला. मी मुलांना हात थांबवून ते बघायला लावलं. टेस्टर मध्येच गेला असता, तर त्याच्या न लागणाऱ्या दिव्याचा अर्थ वेगळा झाला असता, हे त्यांना सांगावं लागलं नाही. एका मुलीने विचारलं, “मॅडम, मग नल पॉइंट मिळाल्यावर आपण टोकं परत का नाही तपासत?”

पाठ्यपुस्तकात ती पायरी नाही. आता आमच्या प्रयोगशाळेत रीडिंग लिहून झालं की जॉकी पुन्हा दोन्ही टोकांना टेकते आणि काटा इकडे-तिकडे जातो. जर्नलमध्ये त्याला रकाना नसल्यामुळे मुलं समासात बरोबरची खूण करतात.