सवाईनंतर मिरजेचा रस्ता

डिसेंबरात पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव संपला की आम्ही नवरा-बायको मिरजेला जातो. सात-आठ वर्षांची सवय आहे. रविवारी शेवटचं गाणं होतं, मग रिवाजाप्रमाणे सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात, सगळा मांडव गप्प होतो. त्यानंतर घरी जाऊन झोपायचं आणि सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या रांगेत उभं राहायचं, हे मला जमत नाही. म्हणून सोमवारची रजा आधीच टाकलेली असते. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणारी बाई गाणं ऐकायला रजा घेते याचं स्टाफरूममध्ये अजूनही नवल वाटतं. कोणाला गाण्याचं, कोणाला मराठीचं.

या वर्षी भाईजानचा मुलगा बरोबर होता. वय सतरा. दोन वर्षं गिटारच्या क्लासला जायचा, बोटंही बरी चालायची. मग मोबाइलवर कुठल्याशा वक्त्याचे व्हिडिओ बघून त्याने गिटार कपाटावर ठेवून दिली. संगीत हराम आहे म्हणाला. भाईजान खूश झाले. मी काही बोलले नाही. या प्रश्नावर आलिम लोक हजार वर्षं वाद घालत आले आहेत. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समाअवर एक अख्खं प्रकरण लिहिलं, चिश्ती बुजुर्गांनी समाअ जवळ केला, कित्येक मोठ्या आलिमांनी साफ नाकारला. ज्या वादात इतकी माणसं दोन्ही बाजूंना उभी आहेत, तो दोन मिनिटांच्या व्हिडिओत मिटतो याचं मला दुःख आहे. पण सतरा वर्षांच्या मुलाशी वाद घालून काही हाती लागत नाही, हे वीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून कळलेलं आहे. तो आला तो आमच्या नव्या गाडीसाठी, गाण्यासाठी नाही. मांडवात बसलाच नाही, बाहेर खाण्याच्या स्टॉलजवळ फिरत राहिला.

शनिवारी सकाळी मी त्याला बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात नेलं होतं. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करणारे दिनकर केळकर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दारं, वाद्यं गोळा करत राहिले. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. संग्रहालयाला त्याचंच नाव आहे. 1975 साली हा सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. वाद्यांच्या दालनात मी नेहमी जास्त रेंगाळते. काचेमागच्या वीणा, सारंग्या बघताना कौतुक वाटतं आणि थोडं गुदमरायलाही होतं. पोराने बराच वेळ बघून विचारलं, “फुप्पी, ये किसने बनाया होगा?” राजाचं नाव, संस्थानाचं नाव इतिहासात सापडतं. तुंबा कोरणाऱ्याचं बहुधा सापडत नाही. मी म्हटलं, “सोमवारी दाखवते.”

रात्री साडेदहाला निघालो. कात्रजचा बोगदा, खंबाटकी, साताऱ्याच्या पुढे एका ढाब्यावर चहा. हे गाडी चालवतात तेव्हा मी मागे बसून ऐकलेलं गाणं मनात परत लावते. तोच या प्रवासाचा खरा फायदा. मैफल संपताना गाणं कळत नाही, कराडच्या आसपास कळायला लागतं. रेडिओ लावायची मात्र मनाई. पहाटे मिरजेत पोहोचलो, फज्रला थोडा वेळ होता.

मिरजेला का, असं लोक विचारतात. सवाई गंधर्व हे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. भीमसेनजी सवाई गंधर्वांचे. 1953 साली त्यांनीच गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. आणि अब्दुल करीम खाँ मिरजेत मिरासाहेबांच्या दर्ग्यात दफन आहेत. माणूस जन्मला उत्तरेत कैरान्यात, 1937 साली वारला दक्षिणेत, रेल्वेच्या प्रवासात, आणि विसावला आमच्या मिरजेत. उरुसात त्यांच्या आठवणीत गाणं होतं, मोठमोठे कलावंत तिथे हजेरी लावून गेले आहेत. पुण्यात हजारो माणसं जे ऐकतात, त्याचा एक झरा या मजारीपाशी आहे. मी तिथे फातेहा पढते. पोरानेही पढला. त्यात त्याला अडचण वाटली नाही.

मग सतारमेकरांची गल्ली. इथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं तसे फरीदसाहेब सतारीकडे वळले, आणि पुढच्या पिढ्या त्यातच राहिल्या. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या दुकानात आम्ही दरवर्षी जातो तिथे भोपळे टांगलेले असतात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले. चाचा जवारी काढत होते. घोडीवर तार जिथे टेकते ती जागा कानसेने हळूहळू घासायची, तार लावून ऐकायची, पुन्हा घासायची. तारेखाली सुताचा धागा सरकवला की आवाज अचानक उघडतो. यासाठी मोजपट्टी नाही, कानच लागतो. मोबाइलमधल्या तंबोऱ्याने धंदा किती खाल्ला ते चाचांनी न विचारता सांगितलं. त्यांचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे.

पोराने एकदम विचारलं, “चाचा, ये काम जायज है क्या?”

मला घाम फुटला. हे बाहेर बघायला लागले. चाचांनी कानस खाली ठेवली. “मेरे वालिद भी यही करते थे, दादा भी,” म्हणाले. “उनसे भी लोग पूछते थे.” आणि तंबोरा त्याच्या मांडीवर दिला. “कान लगा. कौनसी तार ढीली है, बता.”

त्याने कान लावला. एकदा चुकला, दुसऱ्यांदा बरोबर सांगितलं. तेवढ्यात जोहरची अजान झाली. चाचांनी हातावरचा भुसा झटकला, दोघं मिळून मशिदीत गेले. परत आल्यावर पोराने काहीच विचारलं नाही. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाला, तिसरी तारही थोडी उतरलेली होती, चाचांना सांगायला हवं होतं.

साताऱ्याजवळ भाईजानचा फोन आला. कुठे नेलंस पोराला?

“मिरजेला,” मी म्हटलं. “मिरासाहेबांच्या दर्ग्यात.”

“अच्छा,” म्हणाले. पुढे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मागच्या सीटवर पोरगा जागाच होता.