चांगलं शिजवा, काही होत नाही

शीर्षकातलं वाक्य माझं आहे. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी, हातातला चहाचा कप खालीही न ठेवता, मी ते आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना ऐकवलं होतं.

मावशींच्या सुनेला दिवस गेले होते. मावशींचे यजमान रात्रपाळीचे वॉचमन. सकाळी ड्यूटी सुटली की पुण्यात बंडगार्डनच्या खालच्या अंगाला मुळा-मुठेत गळ टाकून बसायचे आणि दहा-अकरापर्यंत पिशवीत चार-सहा चिलापी घेऊन घरी जायचे. कधी एखादी मरळ. मावशींनी भांडी घासता घासता विचारलं, "सर, ह्यांनी आणलेले नदीचे मासे पोरीला दिले तर चालतील ना? बाळाला काय होणार नाही?"

प्रश्न बरोबर माणसाला विचारला होता. मी एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आहे. आणि मी म्हणालो, "चांगलं शिजवा मावशी, काही होत नाही. आगीपुढे काही टिकत नाही."

असं ठोकून देण्यामागे थोडं अज्ञान होतं, पण त्याहून जास्त राग होता. आमच्या सोसायटीत कुणी नदीकाठी गळ टाकताना दिसलं की "शी! त्या गटारातले मासे खातात ही माणसं" असं म्हणणारे पुष्कळ. नदीचं गटार ज्यांच्या संडासांनी केलं, तेच नाक मुरडणार! माझ्या ताटातल्या बोंबलावर ज्यांनी आयुष्यभर शेरे मारले तेही त्यात. त्यामुळे गळ टाकणाऱ्याची बाजू घ्यायची, हे माझं आधीच ठरलेलं होतं. वकिली करायची म्हटल्यावर पुरावा शोधायला वेळ लागत नाही. माझा पुरावा होता कोलकाता.

एका शैक्षणिक सहलीत मी पूर्व कोलकात्याची पाणथळ जमीन पाहिली होती. साडेबारा हजार हेक्टरांचा पसारा, २००२ पासून रामसर यादीत. शहराचं सांडपाणी तिथल्या उथळ तळ्यांत, म्हणजे भेडींत, सोडतात आणि त्यावर रोहू, कटला, मृगळ वाढवतात. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने ही व्यवस्था जगापुढे मांडली. मी तिथलं माशाचं झोल भातावर ओतून खाल्लं, दोनदा वाढून घेतलं, आणि पुण्याला परतल्यावर जो भेटेल त्याला सांगत सुटलो: तिकडे निम्मं शहर सांडपाण्यातले मासे खातं, तुम्ही मुठेच्या नावाने कसली बोटं मोडता?

ही वकिली चार वर्षं चालली. ती मोडली एका दहावीच्या मुलाने. निवृत्तीनंतर मी घरी दोन-चार मुलांना शिकवतो. त्या दिवशी ‘जोड्या लावा’ चाललं होतं. मिनामाटा – पारा. इटाई-इटाई – कॅडमियम. या जोड्या मी किती वर्गांकडून पाठ करून घेतल्या असतील, हिशेब नाही. मुलाने वहीतून डोकं वर काढलं. "सर, ते लोक मासे शिजवून खात नव्हते का?"

‘जपानी लोक कच्चे मासे खातात’ हे उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. म्हणालो असतो तर मुलाने ते लिहूनही घेतलं असतं. पण मी थांबलो. कारण शिजवण्याचा त्या आजाराशी काडीचा संबंध नाही, हे मला माहीत होतं. फक्त वर्गातली माहिती आणि मावशींना दिलेलं उत्तर यांची जोडी मी कधी लावली नव्हती.

जपानमधल्या मिनामाटात चिस्सो कंपनीचा कारखाना होता. अ‍ॅसिटाल्डिहाइड बनवताना उत्प्रेरक म्हणून पारा वापरायचे, आणि त्यातून तयार होणारा मिथिल पारा १९३२ ते १९६८ अशी छत्तीस वर्षं सांडपाण्याबरोबर समुद्रात जात राहिला. १ मे १९५६ या दिवशी आजाराची अधिकृत नोंद झाली. त्याआधी गावातली मांजरं वेडीवाकडी नाचायला लागली होती. मिथिल पारा माशाच्या मांसातल्या प्रथिनांना, त्यांच्यातल्या गंधकाला, चिकटून बसतो. चरबी कापून टाका, कातडी सोलून टाका, उकळा, तळा, तो जात नाही. उलट शिजताना माशातलं पाणी उडतं, त्यामुळे शिजलेल्या तुकड्यात ग्रॅममागे पारा थोडा जास्तच भरतो. आगीत मरतात ते जंतू. पारा, शिसं, कॅडमियम ही मूलद्रव्यं आहेत. त्यांना मरण नसतं. हे मी फळ्यावर लिहिलं होतं हो, वेगळ्या धड्यात!

त्यापुढची गोष्ट आठवली तेव्हा मात्र घशाला कोरड पडली. मिनामाटातल्या काही आयांना स्वतःला फारसं काही झालं नव्हतं. पोटातला पारा वारेतून बाळाकडे गेला. आई धडधाकट आणि मूल जन्मतःच पांगळं, अशी घरं तिथे होती. मावशींनी मला नेमका त्याच बाळाबद्दल प्रश्न विचारला होता.

मावशींचा नातू आता पाच वर्षांचा आहे, ठणठणीत आहे, आमच्या जिन्यावरून उलटा चढतो. माझ्या सल्ल्याने कुणाचं वाईट झालं, असं मी म्हणत नाही. पण ते झालं नाही यात माझं कर्तृत्व शून्य.

कोलकात्याचा माझा पुरावाही मग पुन्हा तपासला. तिथे तळी उथळ. सांडपाणी आधी काही दिवस उन्हात तापतं, शेवाळ धरतं, निवळतं, आणि मगच माशांचं बीज सोडतात. शिवाय ते पाणी मुख्यतः घराघरांतलं. माणसाचा मैला शेवटी सेंद्रिय असतो. ऊन, शेवाळ आणि जिवाणू मिळून त्याचा निकाल लावतात. तिथेही जवळच्या चामड्याच्या कारखान्यांमुळे क्रोमियमची चिंता आहेच. आणि आपल्याकडे? पवना चिंचवड-पिंपरीवरून येऊन दापोडीला मुळेत मिळते, मुळा संगमावर मुठेला. वाटेत प्लेटिंगची युनिटं, गॅरेजं, रंगाची दुकानं, आणि पावसात धुऊन येणारी रस्त्यावरची सगळी काजळी. ही वाहती नदी आहे, निवळायला तिला कुणी थांबवत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशभरातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांत महाराष्ट्राचे ५३, सगळ्या राज्यांत जास्त. मुळा, मुठा, पवना, भीमा सगळ्या त्या यादीत आहेत.

याच मंडळाचे पाण्याचे वर्ग वाचताना एक जागा सापडली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. ‘ड’ वर्ग म्हणजे वन्यजीव आणि मत्स्यसंवर्धनासाठी योग्य पाणी. त्याला तीन अटी: सामू साडेसहा ते साडेआठ, विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या आत. संपलं. जड धातूंचा उल्लेखच नाही. मासा जगेल की नाही ते या कसोटीवर कळतं. तो खाणाऱ्याचं काय, ते हिला कुणी विचारलेलंच नाही. विकायच्या माशांसाठी अन्नसुरक्षेचे नियम आहेत, त्यांत पारा, शिसं, कॅडमियम यांच्या मर्यादा आहेत. पण रात्रपाळी सुटल्यावर गळाने धरून पिशवीतून घरी नेलेला मासा कुठल्याच तराजूत पडत नाही.

आणि आता मुठेत जगतं तरी कोण? १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली, ती नदी वेगळी होती. आज चिलापी टिकते, कारण तिला प्राणवायू कमी लागतो. आफ्रिकन मांगूर टिकतो, कारण तो सरळ वर येऊन हवा घेतो. मांगूर पाळायला २००० सालापासून देशात बंदी आहे, तो नदीला कोण सांगणार? अशा पाण्यात मासा तगला म्हणजे पाणी बरं आहे, असं मी पूर्वी मानायचो. मासा तगला याचा अर्थ एवढाच की तो चिवट आहे.

तर दोन वर्षांपूर्वी मी मावशींना समोर बसवलं आणि सांगितलं, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. पारा कसा साठतो, मोठा मासा लहान माशांना खातो तसा तो कसा वाढत जातो, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आमी वास घेतो की सर. रॉकेलचा वास मारला तर मांजराला टाकतो."

मला मिनामाटाची मांजरं दिसली. म्हणालो, पाऱ्याला वास नसतो.

"मग पोरांना काय घालू? पापलेट?" त्या हसल्या नाहीत. "आन बाजारात चिलापी मिळती ती कुठली असती?"

बाजारातली चिलापी पुष्कळदा उजनीची असते. मुळा-मुठा पुढे जाऊन भीमेला मिळते, भीमा दौंडवरून उजनीच्या जलाशयात. सोलापूरला जाता-येता भिगवणला थांबून तिखट रश्श्यातली चिलापी आणि दोन बाजरीच्या भाकरी, हा माझा वीस वर्षांचा नेम. फ्लेमिंगो पाहायला गेलेल्या पाहुण्यांनाही मी आवर्जून तिथे जेवायला घालत आलो. म्हणजे बंडगार्डनला जे पाणी मावशींच्या घरात शिरू नये म्हणून मी व्याख्यान देत होतो, तेच शंभर किलोमीटर खाली गेल्यावर मला चविष्ट लागत होतं. एवढ्या मोठ्या जलाशयात पाणी पसरतं, गाळ खाली बसतो, पावसाचं ताजं पाणी येऊन मिळतं, हा फरक आहे आणि तो खरा आहे. पण तो फरक मी हॉटेलात बसल्यावर कधी मोजला नव्हता. तिथे मी फक्त लिंबू पिळत होतो.

न्यूयॉर्कची हडसन नदी आठवते. जनरल इलेक्ट्रिकने १९४७ ते १९७७ तिच्यात पीसीबी नावाची रसायनं सोडली. १९७६ मध्ये वरच्या भागात मासेमारीच बंद केली. १९९५ ला पुन्हा परवानगी दिली, ती मासा पकडून परत सोडण्यापुरती. खालच्या भागासाठी आरोग्य खातं माशाच्या जातीप्रमाणे सांगतं, महिन्यातून किती वेळा खायचा. मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी आणि लहान मुलांनी मात्र जवळजवळ काहीच खाऊ नये. पीसीबी चरबीत साठतं, म्हणून कातडी आणि चरबी काढायला सांगतात. ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ एवढ्यावर भागत नाही: कुठला मासा, कुठला तुकडा, कुणाच्या ताटात आणि महिन्यात कितीदा, हे सगळं त्यात येतं. मी मावशींना दोन शब्दांत उडवलं होतं.

आता मी असं सांगतो: पोटुशीला आणि लहान पोरांना नदीचा मासा नको. इतरांनी खाल्लाच तर छोटी चिलापी, तीही कधीमधी. डोकं, कल्ले, आतडी, काळीज फेकून द्यायचं. मरळ आणि मांगूर घरात आणायचेच नाहीत, ते दुसऱ्या माशांना खाऊन मोठे होतात. जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर धरणातून वाहून आलेला मासा आणि एप्रिलमध्ये जलपर्णीखाली महिनोन्महिने राहिलेला मासा एक नव्हे. हे बोलताना माझा आवाज पूर्वीसारखा मोकळा लागत नाही. भिगवणला मी अजून थांबतो, खोटं कशाला बोलू, पण भाकरी-पिठलं मागवलं की वेटर चमकून बघतो.

गेल्या ऑगस्टमध्ये भिडे पूल पाण्याखाली होता. मी बंडगार्डनला गेलो, मावशींचे यजमान काठावरच होते. त्यांनी हातभर लांब मरळ धरली होती, अजून वळवळत होती, अंगावरचे काळे पट्टे ओल्याने चमकत होते. त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"काय सर, ही?"

"सोडा," मी म्हणालो.

त्यांनी गळ काढला, मरळ पाण्यात टाकली आणि हात पँटला पुसले.

"सोडतो. पण सर, ती काय इथंच थांबती का? खाली मांजरी गावाला आमचा मेव्हणा बसलाय जाळं लावून."