गोळी थांबली, त्रास थांबला नाही

आमच्या घरात टक्कल काही नवं नाही. आजोबा भिलाई स्टील प्लांटमध्ये नोकरीला लागले तेव्हाच त्यांचे केस विरळ झाले होते. बाबांचंही तेच. दोघांनी ते हसण्यावारी नेलं. मला मात्र तेविसाव्या वर्षी उशीवर केस दिसू लागले आणि झोपच उडाली. त्यात मावशी म्हणाली, "अरे, आत्ताच हे? स्थळं कशी येणार?"

मोबाइलवर एक फॉर्म भरला आणि फिनास्टेराइडच्या गोळ्या घरपोच आल्या. रोज 1 मिलिग्रॅम. केसांची मुळं कमजोर करणारं डीएचटी हे हार्मोन ही गोळी कमी करते. केस गळायचे थांबले. मी खूश!

सात-आठ महिन्यांनी शरीराची इच्छाच मेल्यासारखी झाली. मनही सुन्न. माझं पोट लिहिण्यावर, पण दोन ओळींपुढे शब्द सुचेनात. घाबरून गोळी बंद केली. वाटलं, पंधरा दिवसांत ठीक होईल. आज 10 महिने झालेत. मन बरंच सावरलंय, बाकीचं अजून पूर्ण नाही.

सगळ्यात अवघड होतं ते सांगणं. मित्रांमध्ये या विषयाची फक्त चेष्टा होते. शेवटी एका रात्री बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उद्या डॉक्टरकडे जाऊ. मी येतो."

नंतर मी वाचत गेलो. गोळी सोडल्यावरही लैंगिक तक्रारी राहू शकतात, ही नोंद अमेरिकेत 2012 मध्येच औषधाच्या माहितीपत्रकात आली होती. आत्महत्येचे विचार हाही दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध यंत्रणेने 2025 मध्ये स्पष्ट केलं. बहुतेकांना असा त्रास होत नाही, हेही खरं. पण गोळी घेण्याआधी मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही काही वाचलं नाही.

तुमच्या घरात कुणी ही गोळी घेत असेल, तर डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटायला सांगा. आधी कधी नैराश्य आलं असेल तर ते लपवू नका. गोळी घेताना मन खचू लागलं तर ती थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री बोलायला सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे : 14416.

माझे केस पुन्हा गळू लागलेत. परवा आरशासमोर बाबा शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता शोभतोस माझा मुलगा."

खूप दिवसांनी मी मोकळेपणाने हसलो.