एका खडकीहून दुसऱ्या खडकीला

छत्रपती संभाजीनगरहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, गंगापूर तालुक्यात, लासूर स्टेशन लागते. येथे ‘स्टेशन’ हा शब्द फलाटापुरता न राहता वस्तीच्याच नावात मुरला आहे. शिवना नदीकाठचे, दाक्षायणी देवीचे लासूर जुने. परंतु निजामाच्या राज्यात 1900 च्या सुमारास मीटरमापी, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली, रेल्वे आली आणि स्थानकाभोवती बाजारपेठ वाढली.

ज्या शहराकडून ही गाडी येते त्याचे नाव, मलिक अंबरने 1610 मध्ये तेथे राजधानी वसवली तेव्हा, खडकी होते, आणि लासूरहून रोटेगाव, नगरसूल ओलांडून, अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले पाहत मनमाड गाठणारा व तेथून कोपरगाव, दौंडमार्गे पुण्याला पोहोचणारा प्रवासी थोडे पुढे गेला, तर त्याला दुसरी खडकी भेटते.

या दुसऱ्या खडकीजवळ 5 नोव्हेंबर 1817 रोजी बापू गोखल्यांच्या नेतृत्वाखालील पेशव्यांचे सैन्य इंग्रजांशी लढले. पुढे येथे छावणी, म्हणजे लष्कराची कायम वसाहत, उभी राहिली, 1869 मध्ये दारूगोळा कारखाना आला, आणि छावणीच्या मैदानांवर हॉकी रुजली. रेल्वेने लासूरला जसे नाव दिले तसा या कारखान्याने खडकीला एक खेळाडू दिला, असे म्हणणे अतिशयोक्त नाही: धनराज पिल्ले यांचा जन्म 16 जुलै 1968 रोजी येथील एका तमिळ कुटुंबात झाला, वडील कारखान्याच्या मैदानाची देखभाल करीत, आणि कामगार वसाहतीत धनराज व त्यांची भावंडे टाकून दिलेल्या चेंडूंवर व मोडक्या, दोरीने आवळून बांधलेल्या स्टिकांवर, मऊ चिखलट मातीत खेळत. अशा मातीत चेंडू सरळ येत नाही, अडतो, वळतो. म्हणून तो काठीजवळच ठेवावा लागतो, आणि धनराज यांच्या चेंडूवरील ताब्याचे मूळ येथेच शोधले पाहिजे.

याच पिढीत, 1967 मध्ये, लॅटव्हियाच्या रीगा शहरात आर्तुर्स इर्बे जन्मला. तो आइस हॉकीचा, म्हणजे स्केट्स घालून गोठलेल्या मैदानावर चेंडूऐवजी पक नावाच्या रबरी चकतीने खेळल्या जाणाऱ्या खेळाचा, गोलरक्षक होता. अमेरिकेतील व्यावसायिक संघांत नाव कमावल्यावरही तो पायांवरचे जुने झिजलेले पॅड स्वतःच्या हातांनी दुरुस्त करून वापरत राहिला. खडकीच्या दोरीबांध्या स्टिकशेजारी ठेवावे असे हे दुसरे साधन आहे.

धनराज 1989 मध्ये भारतीय संघात आले आणि 1992 ते 2004 या काळात चार ऑलिम्पिक खेळले, चार विश्वचषक व चार आशियाई स्पर्धाही खेळले. ऑलिम्पिक पदक मात्र हाती लागले नाही. 1998 मध्ये बँकॉकला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने 32 वर्षांनी आशियाई सुवर्णपदक जिंकले, आणि त्यानंतर लगेच त्यांना व काही ज्येष्ठ सहकाऱ्यांना संघाबाहेर ठेवण्यात आले. हा अन्याय होता. ते परतले, आणि 2003 मध्ये क्वालालंपूरला कर्णधार म्हणून त्यांनी आशिया चषक उचलला.